एकच ठोका ऐकून ड्रम-किट निवडू नका

घरच्या घरी रेकॉर्डिंग करताना ड्रमचा आवाज बहुतेक वेळा असा निवडला जातो: ड्रम वाजवून देणारं सॉफ्टवेअर उघडायचं, किटची (म्हणजे ड्रम आणि सिंबलच्या संचांची) यादी खाली सरकवत जायची, प्रत्येक किटच्या स्नेअरवर (खाली तारा लावलेल्या, कडक वाजणाऱ्या ड्रमवर) एकदा क्लिक करायचं आणि जो सगळ्यांत भरदार वाजेल तो ठेवायचा. नंतर गाण्यात बसवल्यावर तोच स्नेअर खेळण्यातला वाटायला लागतो आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. चूक बहुधा निवडण्याच्या रीतीत असते. आजच्या कोणत्याही बऱ्या लायब्ररीत, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांच्या साठ्यात, एकटा ठोका छानच वाजतो, कारण तो खऱ्या ड्रमवर, चांगल्या खोलीत, चांगल्या माइकने घेतलेला असतो. नकलीपणा कळतो तो त्याच ड्रमवर पुन्हा पुन्हा ठोके पडू लागले की, हळू ठोक्यांमध्ये, आणि सर्वांत आधी हाय-हॅटवर, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या सिंबलच्या जोडीवर. किट पारखायचं तर कान तिथे लावावे लागतात.

किटच्या आत काय भरलेलं असतं

अशा सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल ड्रमरमध्ये, दोन वेगळ्या गोष्टी जोडीने काम करतात. पहिली म्हणजे वाजवण्याच्या सूचना: कोणता ड्रम, कोणत्या क्षणी, किती जोरात. या सूचना मिडीत, म्हणजे वाद्यांना सूचना देण्याच्या संगणकी लिपीत, लिहिलेल्या असतात आणि जोर १ ते १२७ अशा आकड्यांत दिलेला असतो. त्या आकड्याला व्हेलॉसिटी म्हणतात. दुसरी म्हणजे सूचना मिळाल्यावर वाजणारे, आधी रेकॉर्ड करून ठेवलेले ठोके, अर्थात सॅम्पल.

आता खऱ्या ड्रमवर काय होतं ते बघा. जोरात मारलं की हेड, म्हणजे ड्रमचा पडदा, ताणलं जातं, सूर क्षणभर चढतो आणि लगेच खाली उतरतो, वरच्या पट्टीतला चरचरीत भाग उसळून येतो. हळू मारलं की हा चरचरीत भाग जवळजवळ नसतोच, आणि स्नेअरच्या खालच्या तारांची सळसळ मूळ आवाजाच्या मानाने जास्त ऐकू येते. म्हणजे जोरदार ठोक्याचा आवाज कमी केला की हळू ठोका तयार होत नाही. त्यासाठी हळू ठोका वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. लायब्ररी बनवणारे म्हणूनच एकेक ड्रम अगदी हलक्यापासून पूर्ण जोरापर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी वाजवून घेतात. या पायऱ्या म्हणजे व्हेलॉसिटीचे थर.

थर किती आहेत यावर खूप काही ठरतं. समजा स्नेअरला चारच थर आहेत. मग प्रत्येक थराच्या वाट्याला साधारण ३२ आकडे येतात. ६५ पासून ९५ पर्यंत सॅम्पल एकच राहतं, फक्त मोठं होत जातं. आणि ९५ वरून ९६ वर गेलं की ड्रम बदलल्यासारखा आवाज उडी मारतो. ठेक्यातले जोर नेमके त्या सीमेच्या आजूबाजूला असतील तर स्नेअर दर दोन ठोक्यांनी रंग बदलतो. सोळा थर असतील तर एकेका थराकडे आठच आकडे असतात, आणि पायरी सहसा कानाला लागत नाही.

दुसरी बाब आहे राउंड रॉबिन. कोणताही वादक सलग दोन ठोके तंतोतंत सारखे मारत नाही. काठी हेडवर थोडी इकडे-तिकडे पडते, डावा हात उजव्यापेक्षा वेगळा लागतो. त्यामुळे एकाच जोराचे चार, सहा, आठ वेगवेगळे ठोके रेकॉर्ड करून ठेवतात आणि सॉफ्टवेअर ते आळीपाळीने वाजवतं. ही सोय नसेल तर स्नेअरच्या रोलमध्ये (जलद, सलग ठोक्यांमध्ये) तेच सॅम्पल लागोपाठ वाजून मशीनगनचा तडतडाट ऐकू येतो. ड्रमच्या लायब्रऱ्यांची मोफत पॅक शोधताना सर्वांत आधी हे तपासावं, कारण बऱ्याच पॅकमध्ये प्रत्येक ड्रमची एकच फाइल असते. इलेक्ट्रॉनिक ठेक्याला ती पुरते. वादकाने वाजवल्यासारखं वाटायला हवं असेल तर पुरत नाही.

पारखायला दहा बारची एक मिडी फाइल

प्रत्येक किट एकाच मापाने तोलता यावं म्हणून एक छोटी मिडी फाइल एकदाच करून ठेवा आणि दर वेळी तीच वापरा. टेम्पो ९० ठेवा, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा; चार मात्रांचा एक बार. ती अशी लिहिता येईल.

पहिल्या बारमध्ये स्नेअरचे सोळा ठोके, सोळांश मात्रांवर, सगळे ९० व्हेलॉसिटीचे. इथे राउंड रॉबिन कळतं. डोळे मिटून ऐका. ठोके सारखे असूनही प्रत्येकात किंचित फरक जाणवायला हवा. एखादाच ठोका विचित्र वेगळा असेल आणि दर चौथ्या किंवा पाचव्या वेळी तोच परत येत असेल, तर त्या लायब्ररीत तितकेच पर्याय आहेत आणि त्यांतला एक वाईट आहे.

दुसऱ्या बारमध्येही सोळा ठोके, पण पहिला ७ चा ठेवा आणि पुढचा प्रत्येक ८ ने वाढवा. सोळावा ठोका बरोबर १२७ वर येतो. या बारमध्ये थरांच्या पायऱ्या उघड्या पडतात. आवाजाचा पोत सलग बदलत जायला हवा. मध्येच ‘इथून दुसरा ड्रम सुरू झाला’ असं वाटलं तर तो आकडा लिहून ठेवा. पुढे ठेका लिहिताना ती सीमा टाळता येते. शेवटच्या दोन-तीन ठोक्यांकडेही लक्ष द्या. पुष्कळ लायब्रऱ्यांत सर्वांत वरच्या थरात रिमशॉट ठेवलेला असतो, म्हणजे काठी हेडवर आणि कडेवर एकदमच पडलेली. तो कडक ‘टक्’ प्रत्येक ठोक्याला ऐकवत राहिलात तर गाणं थकवतं.

तिसरा बार: बंद हाय-हॅटचे आठ ठोके, आळीपाळीने १०० आणि ६५. चौथा बार: हाय-हॅट बंद, अर्धी उघडी, पूर्ण उघडी आणि मग पायाने बंद, अशी दोनदा. पाचवा बार: नेहमीचा ठेका, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर ११० चा, आणि मधल्या सोळांशांवर ३० ते ४० च्या घोस्ट नोटा, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे हलके ठोके. सहावा बार: किकचे (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचे) जोडठोके, पहिला ८५ चा आणि लगेच दुसरा १०५ चा. सातवा बार: वरच्या टॉमपासून (टॉम म्हणजे खाली तारा नसलेले, सुरात वाजणारे ड्रम) खालच्या टॉमपर्यंत उतरणारी फिल, म्हणजे ठेका मोडून घेतलेली छोटी भरती. आठव्या बारच्या पहिल्या मात्रेला क्रॅश (मोठा, झणझणणारा सिंबल) आणि किक एकत्र, आणि त्यानंतर नववा-दहावा बार रिकामा.

शेवटचे रिकामे बार वाया घालवलेले नाहीत. टेम्पो ९० असताना एक बार २.६७ सेकंदांचा असतो, म्हणजे क्रॅशला आठ सेकंद विरायला मिळतात. स्वस्तात केलेल्या लायब्ररीत सिंबलची शेपटी दोन-तीन सेकंदांत कापलेली असते. ठेक्याच्या गर्दीत ते लपतं, पण गाण्याच्या शेवटी क्रॅश एकटा राहिला की आवाज भिंतीला आदळल्यासारखा थांबतो.

किट्सची तुलना करण्याआधी दोन गोष्टी करायच्याच. सॉफ्टवेअरच्या मिक्सरमधले रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा), कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा), मास्टरवरचे परिणाम सगळे बंद करा, कारण रिव्हर्बखाली कमी थर आणि कापलेल्या शेपट्या दोन्ही झाकले जातात. आणि सगळ्या किट्सचा आवाज एकाच पातळीवर आणा. दोन डेसिबलने मोठं वाजणारं किट कानाला जास्त चांगलं वाटतंच. त्यात किटचं कर्तृत्व काही नसतं.

हाय-हॅटवर जास्त वेळ द्या

किक आणि स्नेअर एका बारमध्ये दोन-चार वेळा येतात. हाय-हॅट आठ किंवा सोळा वेळा येते, आणि ती सतत उघडत-मिटत असते. एवढ्या वेळा येणारी गोष्ट जराही कृत्रिम असेल तर कान ती लगेच पकडतो. म्हणून एखादं किट स्नेअरसाठी आवडलं पण हाय-हॅट निर्जीव निघाली, तर ते किट सोडलेलं बरं. स्नेअर नंतर बराच सुधारता येतो, हाय-हॅट नाही.

चांगल्या हाय-हॅटमध्ये काय असावं? पहिलं, काठी कुठे लागली याचे किमान दोन प्रकार: टोकाने वरच्या पत्र्यावर मारलेला बारीक ‘टिक्’ आणि काठीच्या अंगाने कडेवर मारलेला रुंद ‘च्याक’. दुसरं, उघडेपणाच्या पायऱ्या. घट्ट मिटलेली, सैल मिटलेली, थोडी उघडी, अर्धी, पूर्ण, अशा पाचेक तरी. फक्त ‘बंद’ आणि ‘उघडी’ एवढंच असेल तर मधल्या सगळ्या छटा जातात, आणि रॉकच्या ठेक्यात सैल हाय-हॅटचा जो जाड सळसळाट लागतो तो मिळतच नाही. तिसरं, पायाने मिटवल्याचा ‘चिक्’ वेगळा रेकॉर्ड केलेला असावा. चौथं, उघड्या हाय-हॅटनंतर बंद ठोका आला की आधीचा आवाज लगेच दबला पाहिजे. तो दबला नाही तर दोन हाय-हॅट एकाच वेळी वाजल्यासारख्या ऐकू येतात. त्यासाठी लायब्ररीत उघडे-बंद आवाज एकाच चोक गटात ठेवलेले असतात. स्वतः सॅम्पल गोळा करून किट बांधणाऱ्यांकडून हा गट करायचाच राहून जातो.

इथे मिडीचे क्रमांक माहीत असले की पुष्कळ डोकेदुखी वाचते. जनरल मिडी या प्रमाण मांडणीत किक ३६, स्नेअर ३८, काठी आडवी ठेवून कडेवर मारलेला ठोका ३७, बंद हाय-हॅट ४२, पायाची हाय-हॅट ४४, उघडी हाय-हॅट ४६, क्रॅश ४९ आणि राइड ५१ असते. मोठ्या लायब्रऱ्या हे मूळ क्रमांक बहुधा पाळतात, पण जास्तीच्या छटांसाठी प्रत्येकीची मांडणी आपापली असते. एका कंपनीसाठी लिहिलेला ठेका दुसरीच्या किटवर टाकला आणि सैल हाय-हॅटच्या जागी भलतंच काही वाजलं, तर कारण हेच. सूर-नावांवर विसंबू नका: ३६ या क्रमांकाला काही सॉफ्टवेअर ‘सी १’ म्हणतात, काही ‘सी २’. क्रमांक बघून जुळवणी करा. इलेक्ट्रॉनिक ड्रमवरून वाजवत असाल तर पेडलचा उघडेपणा सहसा कंट्रोलर ४ वरून येतो. हाय-हॅट कायम उघडी किंवा कायम बंदच वाजत असेल, तर तो संदेश सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचतोय का आणि उलटा तर येत नाही ना, हे आधी बघा.

गाण्याला शोभेल असं किट

खरं वाटणारं किटही चुकीच्या गाण्यात खोटं वाटू शकतं. बारीक गिटार आणि हलक्या आवाजातल्या गाण्यामागे मोठ्या दालनात घेतलेला भारी किक ठेवला की ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या खोल्या ऐकू येतात. किटच्या पानावर दिलेली मापं म्हणूनच वाचावीत. २० इंची किक आखूड आणि जरा वरच्या सुरात बोलते, २२ इंची बहुतेक कामांना चालते, २४ इंची खोल जाते आणि लांब घुमते. स्नेअर बहुधा १४ इंच व्यासाचा असतो. खोली ५ इंचांच्या आसपास असेल तर तो चपळ आणि कुरकुरीत, साडेसहा इंच असेल तर भरीव. पितळ किंवा स्टीलचा स्नेअर जास्त तेजस्वी आणि जास्त वेळ झणझणतो, लाकडी स्नेअर लवकर आवरतो. मेपल ऊबदार, बर्चचा सुरुवातीचा ठोका टोकदार, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पण लाकडापेक्षा हेड, ट्यूनिंग आणि घुम दाबायला ड्रमवर लावलेलं दडपण यांचा परिणाम मोठा असतो, तेव्हा लाकडाच्या नावावरून किट निवडू नये.

किकची लांबी तर गणित करूनच ठरवता येते. ६०,००० ला टेम्पोने भागलं की एका मात्रेचा काळ मिलिसेकंदांत मिळतो. टेम्पो १६० असेल तर मात्रा ३७५ मिलिसेकंदांची, अर्धी मात्रा १८७.५ ची. अशा गाण्यात किक अर्ध्या मात्रांवर पडत असेल आणि तिची शेपटी ४०० मिलिसेकंद चालत असेल, तर प्रत्येक ठोका मागच्याच्या चिखलात पडतो. मग लोक इक्वलायझर फिरवत बसतात, जेव्हा हवी असते आखूड किक. उलट ७० च्या टेम्पोत मात्रा ८५७ मिलिसेकंदांची होते. तिथे आखूड, कोरडी किक पोकळ वाटते आणि मोठ्या ड्रमला जागा मिळते.

किकचा मुख्य जोर साधारण ५० ते ८० हर्ट्झमध्ये असतो, आणि बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर लागते. दोघांनी एकाच जागी ठाण मांडलं की तळ गढूळ होतो. म्हणून किक निवडताना बासचा ट्रॅक चालू असायलाच हवा. खोल किक घेतली तर बासचं वजन थोडं वर, ८० ते १०० हर्ट्झच्या भागात येऊ द्या. बास फार खाली वाजत असेल तर टणक, वरच्या सुरातली किक घ्या. हे काम लॅपटॉपच्या स्पीकरवर होत नाही. तिथे तळ ऐकूच येत नाही, त्यामुळे निवड फक्त किकच्या ‘टक्’वरून होते आणि मोठ्या स्पीकरवर भलतंच काही बाहेर येतं. निदान चांगला हेडफोन तरी लावा.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ड्रमचा सूर वर-खाली करण्याची सोय असते. एक-दोन सेमीटोनपर्यंत ती निर्धास्त वापरा. त्यापलीकडे गेलात तर ड्रमच्या लाकडी अंगाची घुमही सुराबरोबर सरकते, जी खऱ्या ट्यूनिंगमध्ये सरकत नाही, आणि कानाला ड्रमचं मापच बदलल्यासारखं वाटतं. इतका फरक हवा असेल तर दुसरा ड्रम घ्यावा.

माइक आणि खोली

घरच्या मिक्समध्ये ड्रम कागदावर चिकटवल्यासारखे वाटतात त्याचं मोठं कारण म्हणजे फक्त जवळचे माइक वापरणं. चांगल्या लायब्ररीत एकेका ठोक्याचं अनेक माइकांनी एकाच वेळी रेकॉर्डिंग केलेलं असतं: किकच्या आतला आणि बाहेरचा, स्नेअरच्या वरचा आणि खालचा, प्रत्येक टॉमचा, हाय-हॅटचा, डोक्यावरच्या ओव्हरहेड माइकांची जोडी आणि लांबवर ठेवलेले रूम माइक. जवळच्या माइकात ठोका असतो. ड्रम कुठल्या जागेत वाजतोय हे ओव्हरहेड आणि रूम माइक सांगतात. शिवाय स्नेअरच्या माइकात हाय-हॅट गळते, टॉमच्या माइकात स्नेअर घुमतो. या गळतीला ब्लीड म्हणतात. सगळे तुकडे एकाच हवेत वाजतायत असा भास तीच देते, तेव्हा साफसफाईच्या हौसेने ती बंद करू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये मेमरी वाचवण्यासाठी ब्लीड मुळात बंदच असते; सेटिंगमध्ये एकदा डोकवा.

मिक्सची सुरुवात ओव्हरहेडपासून करा. बाकी सगळं बंद ठेवून फक्त ओव्हरहेडवर किट समतोल वाजेल इतका आवाज घ्या. मग किक वर आणा, नंतर स्नेअर, नंतर टॉम. जवळच्या माइकांनी ओव्हरहेडला फक्त धार आणि वजन द्यायचं असतं. शेवटी रूम, ओव्हरहेडपेक्षा १० ते १२ डेसिबल खाली ठेवून सुरू करा आणि पूर्ण गाणं चालू असताना चालू-बंद करून बघा. बंद केल्यावर ड्रम आक्रसतात, पण चालू असताना खोली वेगळी म्हणून लक्षात येत नाही, अशी पातळी बहुतेक गाण्यांना मानवते. रूम माइकवर जोरात कॉम्प्रेसर लावला की ड्रम अवाढव्य वाटतात. मात्र त्याबरोबर सिंबलही फुगतात, म्हणून सतत क्रॅश वाजणाऱ्या गाण्यात हात आखडता घ्या.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. स्नेअरपासून एक मीटरवरच्या ओव्हरहेडला ठोका ३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, चार मीटरवरच्या रूम माइकला सुमारे १२. हा उशीर लायब्ररीत मुद्दाम राखलेला असतो आणि त्यातूनच खोलीचा आकार कळतो. ट्रॅक वेगळे काढल्यावर ते सरकवून एका रेषेत आणायचा मोह होतो. रूम तरी सरकवू नका, नाहीतर खोली नाहीशी होते.

गडबड होते ती दोन लायब्रऱ्यांचे ड्रम मिसळताना. किक एकीची, स्नेअर दुसरीचा, असं केल्यावर प्रत्येकाबरोबर त्याची त्याची खोली येते. अशा वेळी एकाच लायब्ररीची खोली ठेवायची, दुसरीकडचा ड्रम शक्य तितका कोरडा घ्यायचा आणि दोघांना मिळून एक छोटा, सामाईक रिव्हर्ब द्यायचा. एकाच ठोक्यावर दोन सॅम्पल चढवत असाल तर लाटा जुळतात का ते बघावंच लागतं. ट्रॅक मोठा करून दोन्ही ठोक्यांची सुरुवात एकाखाली एक ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झवर एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ४४ सॅम्पल (इथे सॅम्पल म्हणजे ध्वनीच्या मोजणीचा एक बिंदू), आणि तेवढ्या सरकण्यानेही आवाजाचा पोत बदलतो. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून ऐका. ज्या स्थितीत तळ जास्त भरलेला वाटतो ती बरोबर. शेवटी सगळं एकदा मोनोमध्ये ऐका. स्नेअर अचानक बारीक झाला तर कुठेतरी दोन माइक एकमेकांना खोडतायत.

तयार मिक्स की कच्चे आवाज

काही किट्स आधीच इक्वलायझर, कॉम्प्रेसर लावून शिजवलेली असतात. क्लिक केल्याक्षणी ती भारी वाटतात आणि लवकर काम उरकायचं असेल तर उत्तमच आहेत. पण त्यांच्यावर पुन्हा आपला नेहमीचा कॉम्प्रेसर टाकला की ठोक्याची धार जाते आणि हळू-जोराचा फरक सपाट होतो. आठवड्याभरापूर्वी छान वाटणारे ड्रम मिक्सनंतर थकल्यासारखे वाटतात ते यामुळेच. किट शिजवलेलं असेल तर त्यावर आवाजाच्या पातळीखेरीज फार काही करू नका. कच्चं असेल तर ते सुरुवातीला फिकं वाटणारच, ते त्या कारणासाठी नाकारू नका. स्नेअरच्या कॉम्प्रेसरवर ४:१ गुणोत्तर, १० ते ३० मिलिसेकंदांचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) आणि १०० च्या आसपास रिलीज (सोडायला लागणारा वेळ), किकच्या ३०० ते ५०० हर्ट्झमधला खोकेपणा तीन-चार डेसिबलने कमी, एवढ्यानेच पुष्कळ कच्ची किट्स जागी होतात. अटॅक १० पेक्षा फार खाली नेलात तर काठीचा आवाजच दाबला जातो.

कोणतं सॉफ्टवेअर

याचं एकच उत्तर नाही, पण काही दिशा देता येतात. टूनट्रॅकचं २०१७ साली आलेलं सुपिरियर ड्रमर ३ बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत ध्वनिअभियंते जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी रेकॉर्ड केलं आणि त्याचा साठा २३० जीबीहून मोठा आहे. माइकांवर, ब्लीडवर पूर्ण ताबा हवा असेल त्यांच्यासाठी ते आहे. त्याच कंपनीचं ईझीड्रमर ३ आणि एक्सएलएन ऑडिओचं ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ हलकी आहेत, आवाज बऱ्यापैकी तयार मिळतात आणि गाणं लिहिताना अडवत नाहीत. ॲपलच्या लॉजिक प्रो या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये २०१३ पासून ड्रमर हा व्हर्च्युअल वादक आहेच. त्यातली प्रोड्यूसर किट्स निवडली तर माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घेता येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खर्च न करता सुरुवात करायची तर एमटी पॉवर ड्रम किट २ मोफत आहे, मात्र त्याचा आवाज शिजवलेला आहे. ड्रमगिझ्मो मुक्त-स्रोत आहे, त्यात ब्लीडसकट अनेक माइकांचे ट्रॅक मिळतात, आणि कच्च्या आवाजावर हात बसवायला ते फार चांगलं आहे.

मोठी लायब्ररी साध्या हार्ड डिस्कवर ठेवली तर किट उघडायला वेळ लागतो आणि वाजताना आवाज तुटू शकतो, म्हणून एसएसडी वापरा. मेमरी कमी असेल तर न लागणारे माइक आणि टॉम काढून टाका. व्हेलॉसिटीचे थर कमी करण्याचा पर्याय सर्वांत शेवटी.

आकडे वादकासारखे लिहा

किट कितीही चांगलं असलं तरी सगळे ठोके १२७ वर लिहिले तर त्यातला सगळ्यात वरचा एकच थर वाजतो आणि बाकीचं रेकॉर्डिंग डिस्कवर पडून राहतं. स्नेअरचे मुख्य ठोके १०० ते ११५, घोस्ट नोटा २५ ते ४५, हाय-हॅट मात्रेवर ९०-१०० आणि मात्रांमध्ये ५५-७० अशी सुरुवात करा; ११८ च्या वरचे आकडे कोरससाठी आणि फिलच्या शेवटच्या ठोक्यासाठी राखून ठेवा. कानाला ठोके सगळे मोठेच वाटत असतील तर सॉफ्टवेअरचा व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे कोणत्या आकड्याला किती आवाज द्यायचा तो हिशोब, बदलून बघा.

ह्युमनाइझचं बटण दाबून सगळ्या ठोक्यांना मनमानी इकडे-तिकडे सरकवणं मात्र टाळा. कसलेल्या वादकाचा कल ठरलेला असतो: स्नेअर सातत्याने ५ ते १० मिलिसेकंद मागे टेकलेला, किक जागेवर, फिलमध्ये किंचित घाई. स्नेअरचा सगळा पट्टा एकदम ८ मिलिसेकंद मागे घ्या, त्यानंतर २-३ मिलिसेकंदांचा हलका विस्कळीतपणा द्या. टेम्पो १२० आणि मात्रेला ४८० टिक (मिडीतली वेळेची एकके) असतील तर एक टिक म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद, त्यामुळे हिशोब सोपा जातो.

आणि हात मोजा. वादकाला दोन हात आणि दोन पाय असतात. क्रॅश आणि स्नेअर एकत्र पडले त्या क्षणी काठीने वाजणारी हाय-हॅट असू शकत नाही. ती नोट खोडा किंवा ४४ वर, पायाकडे द्या. टॉमची फिल चालू असताना मागे हाय-हॅटचे आठ ठोके तसेच चालू ठेवणं ही तर ठेका-पॅकवर स्वतःची फिल चिकटवताना हमखास होणारी चूक. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. ब्रशचा आवाज हवा असेल तर ब्रशने रेकॉर्ड केलेलं किटच घ्या. काठीचे ठोके हळू करून ब्रश होत नाहीत, कारण ब्रशचं अर्धं वादन ओढण्याचं असतं.

सगळं जमून आलं की ड्रमचे ट्रॅक एकदा ऑडिओत काढून ठेवा: किक, स्नेअर वर, स्नेअर खाली, हाय-हॅट, टॉम, ओव्हरहेड, रूम, प्रत्येक वेगळा, प्रोजेक्टच्याच सॅम्पल रेटवर आणि २४-बिटमध्ये. राउंड रॉबिनमुळे बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये दर वेळी वाजणारे पर्याय बदलतात, म्हणजे आज ऐकलेली फिल उद्या तशीच वाजेल याची खात्री नसते. फिल आवडेल तशी वाजेपर्यंत दोन-तीनदा काढा आणि त्यातली सर्वांत चांगली ठेवा. सगळे माइक एकाच फेरीत काढा. स्नेअर एका फेरीतला आणि ओव्हरहेड दुसऱ्या फेरीतला असं झालं, तर दोन्हीकडे वेगवेगळे ठोके वाजतील आणि लाटा जुळणार नाहीत. मिडी फाइल आणि किटची सेटिंग त्याच फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे एखादा ठोका बदलायचा झाला तर सगळं पुन्हा उभं करावं लागणार नाही.